पुसलेला लघुग्रह

डबा उभ्यानेच खायच्या, खिडकीकडे पाठ करून. उजेडाने डोळा बिघडतो म्हणायच्या. कामाला बसण्याआधी साबणाने हात धुवायच्या, काम संपल्यावर नाही. पेन्सिल ब्लेडने तासायच्या, भुसा पाकिटात भरून टाकायच्या, फुंकर कधीच मारायच्या नाहीत. सूक्ष्मदर्शकात उजव्या डोळ्याने पाहताना डावा उघडा ठेवायच्या. ती सवय इतकी अंगात मुरलेली की बाजारात बटाटेसुद्धा उजव्या डोळ्याशी धरून निवडायच्या. कुणी "फार लांब आहे हो" म्हटलं की विचारायच्या, "मोजलंय?" चुकलेल्या आकड्यावर रबर फिरवायच्या नाहीत. एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला तारीख.

वेधशाळेत त्यांना सगळे भिंगबाई म्हणायचे. तोंडावरसुद्धा.

मोजणीची खोली तळमजल्यावर होती. वर घुमटात साहेब मंडळी रात्री आकाशाचे फोटो काढायची. फिल्म नव्हती ती, काचेच्या प्लेटी होत्या, खिडकीच्या तावदानाएवढ्या. धुऊन, वाळवून सकाळी त्या खाली यायच्या. काचेवर सगळं उलटं दिसायचं. आभाळ पांढरं, तारे काळे. भिंगबाई प्लेट चौकटीत बसवायच्या, एकेक ठिपका शोधायच्या आणि त्याचे दोन आकडे लिहायच्या. एक आडवा, एक उभा. सव्वीस वर्षं हेच केलं त्यांनी.

खोलीचा नियम साधा होता. फोटो तासभर चालतो. दुर्बीण ताऱ्यांबरोबर सरकत राहते, म्हणून तारा ठिपका होतो. सूर्याभोवती फिरणारा लघुग्रह मात्र त्या तासात थोडा पुढे जातो आणि बारीक रेघ ओढून जातो. ठिपका म्हणजे तारा, रेघ म्हणजे लघुग्रह. आणि जो ठिपका ताऱ्यांच्या यादीत नाही, त्या भागाच्या दुसऱ्या कुठल्याही प्लेटीवर नाही, तो डाग. धुळीचा कण, नाहीतर रसायनातला बुडबुडा. संशय आला की काचेच्या मागच्या बाजूला शाईने गोल करायचा. खात्री पटली की स्पिरिटच्या बोळ्याने गोल पुसायचा आणि पाकिटावर लिहायचं: डाग. पुसला.

एवढे डाग त्या इमारतीत दुसऱ्या कुणी पुसले नसतील.

एका मंगळवारी त्यांना एक रेघ दिसली. मंद होती. कुणीही सोडून दिली असती. त्यांनी दुसऱ्या रात्रीची प्लेट लावली. रेघ सरकली होती. माहीत असलेल्या लघुग्रहांचा तक्ता काढला. त्या जागी कुणीच नव्हतं.

शेजारच्या टेबलावर एक तरुण मोजणारी बसायची. तिला एका जागी बसवत नसे, म्हणून तिचं नाव चुळबुळ पडलं होतं. ती म्हणाली, "बाई, श्वास सोडा आता. निळ्या पडाल."

"कुणाला तरी वर पाठव. साहेबांना म्हणावं, खाली या."

संचालक साहेब स्वतः खाली आले. भिंगातून पाहिलं, तक्ता पाहिला. "तुमचा दिसतोय, बाई," ते म्हणाले. "शोधणाऱ्याला नाव देता येतं. बायकांची नावं द्यायची रीत आहे. विचार करून ठेवा."

एवढी चार वाक्यं घेऊन भिंगबाई घरी गेल्या.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पलंगावर धाकटी बहीण. नऊ वर्षांपूर्वी ती याच इमारतीच्या जिन्यावरून पडली आणि कमरेखालचं सगळं गेलं. तिच्याजवळ उरली होती फक्त जीभ. ती मात्र रोज परजून ठेवलेली असे.

"केवढा आहे गं, ताई?"

"मोजलं नाही अजून."

"म्हणजे बारकाच."

"मंद दिसतो. पण काळा असेल तर मोठा असूनही मंदच दिसेल. उजेड परत फेकत नसेल, एवढंच."

"काळा, मोठा आणि मंद," धाकटी म्हणाली. "मग माझंच नाव शोभेल की."

"तुझंच देणार आहे."

धाकटी म्हणाली, "थट्टा नको करूस."

"मला थट्टा येते का?"

ते धाकटीलाही पटलं. इमारतीत तिला तिसऱ्या मजल्यावरची आजारी म्हणत. तिचं खरं नाव डॉक्टरांच्या कागदावर होतं, आणखी कुठे नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तिने सगळ्यांना सांगायचा सपाटा लावला. दूधवाल्याला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंना तर दोनदा वर बोलावून सांगितलं. एका कागदावर आपलं नाव मोठ्या अक्षरात लिहून तिने तो भिंतीला लावायला लावला. छापल्यावर कसं दिसेल ते बघायचं होतं तिला.

इकडे भिंगबाई कक्षेच्या मागे लागल्या होत्या. तीन आठवड्यांच्या मोजमापावर कक्षा बांधता येते, पण ती ढिली असते. पुढच्या वर्षी लघुग्रह भलतीकडेच निघायचा. जुन्या एखाद्या प्लेटीवर तो सापडला तर मात्र कक्षा घट्ट बसते. त्यांनी उलटी गणितं मांडली. मंगळाच्या पलीकडे, गुरूच्या अलीकडे, जिथे हे सगळे फिरतात त्या पट्ट्याच्या बाहेरच्या अंगाला तो होता. एका फेरीला साडेपाच वर्षं. कक्षा बाकीच्यांपेक्षा बरीच कललेली, म्हणून लोक शोधतात त्या भागात तो फारसा फिरकतच नसे. दोन फेऱ्या मागे गेलं की अकरा वर्षं. अकरा वर्षांपूर्वी त्या जागेची एक प्लेट कपाटात होती.

दुपारी चुळबुळ जेवायला गेल्यावर त्यांनी ती काढली. गणिताने सांगितलेल्या जागेच्या आसपास भिंग फिरवलं. तिथे यादीत नसलेला एक ठिपका होता.

ठिपका, रेघ नव्हे. पृथ्वी आतल्या बाजूने पुढे निघून जाताना लघुग्रह एकदोन दिवस जागच्या जागी थबकल्यासारखा दिसतो आणि मग उलटा फिरू लागतो. हा फोटो नेमका त्या दिवशीचा होता. तासभरात तो हललाच नव्हता.

त्यांनी पाकीट उलटून पाहिलं. अक्षर त्यांचंच होतं. डाग. पुसला. खाली तारीख.

खोलीत कुणी नव्हतं. पाकीट परत ठेवायला कपाट चार पावलांवर होतं. साहेबांच्या खोलीपर्यंत एकसष्ट पायऱ्या. त्या किती वेळ बसल्या हे चुळबुळलाही माहीत नाही. ती परत आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. भिंगबाई पायऱ्या चढत होत्या. या ठिपक्याशिवाय कक्षा चुकत होती, आणि चुकीची कक्षा आपल्या नावावर त्यांना नको होती.

साहेबांनी पाकीट हातात घेतलं. प्लेट काढणाऱ्याच्या जागी सही होती. ती त्यांनी ओळखली.

"ही मी काढली होती."

"हो, साहेब."

"म्हणजे शोध अकरा वर्षांपूर्वीचा झाला."

"कक्षेसाठी मी हा आकडा..."

"कक्षा उत्तमच होईल. पण बाई, तुम्ही तेव्हा याला डाग म्हणालात."

"हो."

"मग तुम्हीच पुसलात आणि तुम्हीच शोधलात, असं कसं लिहायचं? लोक हसतील." ते अगदी समजावून सांगत होते, रागावले नव्हते. त्यांनी चहा मागवला. एकच कप आला.

सव्वीस वर्षांत भिंगबाईंनी काही मागितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "साहेब, नाव तरी..."

"अरे हो, नाव! घरी मुलीने हट्ट धरलाय. आमच्या कुत्रीचं द्या म्हणते." ते हसले. "रीतही मोडत नाही. कुत्रीसुद्धा बाईच की. आणि एवढ्याशा मंद ठिपक्यावर चांगलं नाव वाया कशाला घालवायचं?"

"मंद आहे, पण मोठा असू शकेल. काळा असेल तर."

"असेल, असेल," साहेब म्हणाले, आणि त्यांनी चहाचा घोट घेतला.

महिन्याभराने पत्रक छापून आलं. शोध साहेबांचा. तळाला बारीक टाइपात एक ओळ होती: मोजणीतील दुर्लक्षामुळे ही वस्तू अकरा वर्षे नजरेआड राहिली. दुर्लक्ष कुणाचं ते लिहिलं नव्हतं. मोजणीच्या खोलीत ते सगळ्यांना माहीत होतं.

भिंगबाईंनी पत्रक घरी नेलं. लपवणं त्यांना जमत नसे. धाकटीने ते वाचलं, परत वाचलं.

"हे कुणाचं नाव?"

"साहेबांच्या कुत्रीचं."

"कुठल्या जातीची आहे?"

"लांब कानांची."

"मग ठीक आहे. मला वाटलं, एखाद्या भटक्या कुत्रीसाठी डावललं मला."

"अगं, मीच प्लेट नेऊन दिली. ठेवून दिली असती तर..."

"ठेवून का नाही दिलीस?"

"आकडा चुकला असता."

"आकडा," धाकटी म्हणाली. "बरोबर. आकडा चुकता कामा नये. भिंतीवरचा कागद काढ."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंगबाईंनी कुलपात किल्ली फिरवली. आतून भुंकण्याचा आवाज आला. धाकटी पलंगावर, उशीला टेकून, मान वर करून भुंकत होती. चांगलं जमत होतं तिला. भिंगबाईंनी पिशवी ठेवली, हात धुतले, सूप गरम करायला ठेवलं. मग ते रोजचंच झालं. किल्ली फिरली की भुंकणं. जिन्यातली मुलं ऐकायला थांबायची. शिंपीणकाकूंनी एकदा विचारलं, "कुत्रं पाळलंत का हो?" भिंगबाई किल्ली काढत वर चढून गेल्या.

चौदा महिने हे चाललं. मग धाकटीच्या छातीत पाणी झालं. शेवटच्या आठवड्यात तिला भुंकायला श्वास पुरत नव्हता. किल्ली फिरल्यावर ती नुसतं तोंड उघडायची. ती गेली त्या दिवशी शिंपीणकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "नशीबवान हो. वर आकाशात नाव आहे तिचं."

"हो," भिंगबाई म्हणाल्या. जाणूनबुजून केलेली ही त्यांची पहिली चुकीची नोंद.

त्यानंतरच्या वसंतात एक पत्र आलं. तो लघुग्रह एका ताऱ्याच्या आड येणारा होता आणि दूरच्या तीन वेधशाळांनी घड्याळं लावून ठेवली होती. तारा विझला, तो एका ठिकाणी तेवीस सेकंद विझलेला राहिला. तेवढ्यावरून रुंदी निघाली. तीनशे किलोमीटरांहून जास्त. पट्ट्यातल्या हजारोंमध्ये त्याच्याहून मोठे बोटांवर मोजण्याइतके. जवळजवळ गोल. नऊ तासांच्या आत स्वतःभोवती एक गिरकी. आणि काजळीसारखा काळा. शंभर भाग उजेड पडला तर चार परत फेकणारा.

साहेब पत्र घेऊन खाली आले. चेहरा उतरलेला. "बाई, तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं. एवढा मोठा निघाला आणि नाव कुत्रीचं. सगळीकडे चेष्टा चाललीय माझी. आता बदलताही येत नाही."

"सांगितलं होतं, साहेब."

"मग जोरात सांगायचं होतं."

त्या दिवसापासून भिंगबाईंनी डबा आणणं बंद केलं. जेवणाच्या सुट्टीत जुन्या प्लेटी काढायला लागल्या. डाग, पुसला असं स्वतः लिहिलेली प्रत्येक प्लेट. वहीत मोजल्या तर त्या तेवीसशेच्या वर भरत होत्या. प्रत्येक डाग त्या पुन्हा मोजायच्या, आगेमागेच्या तारखांची गणितं मांडायच्या, तिथून कुणी सरकत गेलं होतं का ते पाहायच्या.

"कशाला उकरताय, बाई?" चुळबुळने विचारलं.

"एकदा चुकले तर दोनदाही चुकले असेन. असेल एखादा अजून."

"आणि सापडला तर? परत सहीवाला येईल वरून."

"साहेबांच्या प्लेटी शेवटी घेणार. आधी जे मेलेत त्यांच्या घेतल्यात."

चुळबुळला हसू आलं. मग तिने भिंगबाईंकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. बाईंनी वहीच्या पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, बहिणीचं पूर्ण नाव लिहून ठेवलं होतं.

दीड वर्षात चारशे बारा प्लेटी झाल्या. चारशे बारा डागच निघाले. धूळ, बुडबुडे, एके ठिकाणी कुणाच्या तरी पापणीचा केस. प्रत्येक वेळी भिंगबाईंचा तेव्हाचा निर्णय बरोबर होता. हे त्यांना हायसं वाटावं असं होतं. त्या दिवसेंदिवस खंगत चालल्या. आपण एकदाच चुकलो होतो, याचा पुरावा त्या रोज दुपारी एकेक करून गोळा करत होत्या.

एका गुरुवारी सुट्टी संपायच्या बेतात त्या खुर्चीतून उठल्या आणि टेबलाची कड धरून खाली बसल्या. दवाखान्यात नेलं तेव्हा उजवी बाजू गेलेली. चुळबुळ रोज जायची. तिसऱ्या दिवशी बाईंनी अर्ध्या तोंडाने विचारलं, "प्लेट काढलीस का चौकटीतून?"

"काढली, बाई."

"मोजून?"

"तुम्ही या बऱ्या होऊन. तुम्हीच मोजा."

त्या आल्या नाहीत. चुळबुळने प्लेट काढली नव्हती. तिचा हातच धजला नाही. चारशे तेरावी प्लेट अजून चौकटीतच होती, भिंगाखाली एक ठिपका मधोमध आणलेला. वहीत पाकिटाचा क्रमांक होता, तारीख होती, आडवा आकडा चार दशांश स्थळांपर्यंत लिहिलेला होता. उभ्या आकड्याच्या जागी त्यांनी एकच अंक लिहिला होता, सात, आणि त्यापुढे दशांशाचं टिंब दिलं होतं.