शॉकशिवायचा बीप

आमच्या लॅबमध्ये उंदरांना भीती शिकवायचं काम माझ्या सहकारिणीचं. बीप वाजला की पायाला शॉक. काही दिवसांनी नुसत्या बीपनेही उंदीर थिजतो, आणि त्याच्या मेंदूत भीती कुठे पेटते ते मी स्कॅनरवर बघतो. ती भांडुपहून येते, आल्याआल्या "दमले रे" म्हणून खुर्चीत बसते. शॉकचं बटण दाबताना दर वेळी भिंतीकडे बघते. एरवी मात्र पिंजऱ्यांवर मालवणीत ओरडते, "गप ऱ्हवा रे मेल्यांनो!"

परवा संध्याकाळी शेवटचा स्कॅन झाला. मी निघालो, तरी ही शॉकच्या पेटीतल्या उंदरासमोर बसून बीप वाजवतेच आहे. शॉकची वायर काढून ठेवलेली.

"काय करतेयस?"

"भीती घालवतेय त्याची."

"अगं, उद्या सकाळी मारायचेच आहेत ना सगळे?"

"म्हणूनच ना. मध्ये आख्खी रात्र आहे त्यांना."

मी बॅग खाली ठेवली. बीप वाजत राहिला, उंदीर थिजत राहिला. कंटाळून मी उठणार, तेवढ्यात बीप वाजला आणि उंदीर आपला निवांत पंजांनी तोंड धुवत राहिला. तिने पुन्हा एकदा वाजवून बघितलं. मग त्याला अलगद पिंजऱ्यात सोडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"दुसरा आण."