मॅडमनं पेटी मागवली

मराठी, तेलुगू, हिंदी, उर्दू अशा चारही भाषा घडाघडा बोलणारा आमच्या गावात एकच माणूस, तो म्हणजे मी. आता खरं सांगतो. चौथीतच शाळेनं मला हात जोडले, त्यामुळं वाचता एकही धड येत नाही. आणि तेलुगू म्हणाल तर आदिलाबादच्या बसमधला कंडक्टर 'मागं सरका' म्हणतो, तेवढीच समजते.

पण शाळेत तेलुगू मुलखातल्या, मंचेरियलकडच्या पद्मा मॅडम आल्या, त्यांना मराठी बेताची, मग त्यांचा मास्तर कोण? मीच की. शाळा सुटली की पायरीवर बसून मी त्यांना शब्द द्यायचो. दहातला एक खोटा. कंगव्याला आमच्यात खराटा म्हणतात, असं मी सांगितलं आणि दुसरीचा वर्ग दिवसभर हसला. मॅडम रागावल्या नाहीत. वहीत तेवढं खोडलं.

एकदा त्यांनी विचारलं, "ताता, गावाला जाताना कपडे भरतात त्याला आमी पेट्टे म्हणतो. तुमी?" तेलुगूत आजोबाला ताता म्हणतात.

"पेटी," मी म्हणालो. हा शब्द खरा दिला होता, एवढं ध्यानात ठेवा.

पंधरा दिवसांनी मॅडम दारात. "ताता, उद्या उटनूरहून साहेब येणार. माझा मराठीतला पहिला पाठ बघणार. तुमची पेटी घेऊन या."

मी विरघळलोच! दोन वर्षांपासून भजनात मला कोणी पेटीला हात लावू देत नव्हतं. "तुमी टाळ घ्या, काका," म्हणायचे. आणि आता थेट साहेबांपुढं.

"शाळेत गाणं काऊन ठेवलं?" आमची म्हातारी म्हणाली. "नीट इचारलं का?"

"कदर असते काही लोकायले."

"तुमचं आयकलं नसंन त्यायनं अजून."

सकाळी परीटघडीचं धोतर नेसलो, सायकलला पेटी बांधली आणि शाळेत पोचलो. पोरं गोल बसलेली, साहेब खुर्चीवर, मधे सतरंजीवर नवा टॉवेल, साबण, कंगवा, छत्री. टॉवेल पाहून समजलो, आपला सत्कार आहे. साबण कशाला, ते मात्र कळेना.

लाकडी खोक्यातून पेटी काढली, भाता उघडला, डोळे मिटले आणि सूर लावला. एक कडवं झालं. डोळे उघडले तर मॅडमच्या तोंडावरचा रंग उडालेला.

त्या वाकून हळूच म्हणाल्या, "ताता, पेटी कुठंय?"

"ही काय मांडीपुढं."

"ही नाही. गावाला जायची. पोरं सामान भरणार, एकेकाचं नाव सांगणार. तोच पाठ आहे."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मॅडम माझ्याकडं बघून राह्यल्या, मी छताकडं. आयुष्यभर लोकांच्या फजित्या केल्या, पण त्या ठरवून. ही फुकटात झाली होती, आणि माझ्यापायी त्या पोरीचा पाठ बुडत होता.

तेवढ्यात मॅडमची नजर माझ्या शेजारच्या रिकाम्या लाकडी खोक्यावर गेली. झाकण, कडी, मूठ, सगळं होतं. त्यांनी ते उचलून सतरंजीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "चला, आपण गावाला जाऊ. पेटीत काय काय भरू?"

"टॉवेल!" "साबण!" "छत्री!" पोरं भरायला लागली. एका पोरीनं कंगवा उचलला आणि ठणकावून म्हणाली, "खराटा!"

साहेबांनी मान वर केली. मी भात्याचं भोक शोधू लागलो.

"कंगवा," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "खराटा फक्त ताताच्या घरी म्हणतात."

साहेबसुद्धा हसले. खूश होऊन, चहा पिऊन गेले. मी पेटी पुन्हा खोक्यात ठेवली, सायकलला बांधली. टॉवेल कोणी दिला नाही. तरी जाता जाता विचारलंच, "मॅडम, गाणं कसं वाटलं?"

मॅडमनं जरा विचार केला. मग माझ्याकडूनच शिकलेल्या मराठीत म्हणाल्या, "पेटी लय कामाची हाय, ताता. पुढच्या वेळी घरूनच रिकामी करून आणा."