इमिप्रामिनचे पहिले पाच आठवडे

महाराष्ट्र राज्य होऊन काही वर्षं झाली होती. मी जानेफळच्या शाळेत दुसरीला शिकवत होते. त्या वर्षी आई वारली आणि मला रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली? आत काही हलतच नव्हतं. महिने गेले तरी तेच. मी फळ्यावर बाराखडी लिहायची, पोरं काही विचारायची आणि त्यांचे आवाज शेजारच्या वर्गातून आल्यासारखे वाटायचे. घास तोंडात फिरत राहायचा.

थोरली बहीण चिखलीत नर्स होती. दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडे गेले. वेणी घालता घालता तिने माझ्या खांद्यांची हाडं चाचपली.

"काऊन वं, किती दिवस झाले तुले हे?"

"काय हे?"

"काहीच न वाटणं."

दुसऱ्या दिवशी एसटीने ती मला बुलढाण्याला घेऊन गेली. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी विचारलं, "जीव नकोसा वाटतो का?"

"तसंही काही वाटत नाही," मी म्हणाले.

ते चिठ्ठी लिहायचे थांबले, माझ्याकडे बघत राहिले. मग गोळीचं नाव सांगितलं, इमिप्रामिन. तोंडाला कोरड पडेल, पोट साफ होणार नाही, उभं राहताना चक्कर येईल, तेव्हा सावकाश उठायचं. "गुण तीन-चार आठवड्यांनी येतो. तोवर नुसता त्रासच जाणवेल. आपल्या मनाने वाढवायची नाही, आपल्या मनाने सोडायची नाही." आणि बहिणीकडे वळून म्हणाले, "बाटली यांच्याजवळ ठेवू नका. जास्त पोटात गेल्या तर हृदयावर बेततं."

माझ्याबद्दलच बोलत होते. मी खिडकीबाहेरच्या सायकली बघत होते.

बहिणीने शाळेला रजेचा अर्ज पाठवला आणि मला ठेवून घेतलं. बाटली तिच्या कपाटात, कुलपात. संध्याकाळी जेवणानंतर ती गोळी हातावर ठेवायची. डॉक्टरांनी सांगितलेला सगळा त्रास झाला. जीभ टाळूला चिकटायची. गुण मात्र नाही. दहाव्या दिवसापासून मी गोळी गालात धरून ठेवू लागले आणि बहीण आत गेली की गादीखाली सरकवू लागले. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मरायचं ठरवलं नव्हतं. नको म्हणून सांगायचाही कंटाळा होता, एवढंच.

चादर बदलताना तिला चार गोळ्या सापडल्या. त्या तळहातावर घेऊन ती जमिनीवरच बसली.

"कशासाठी जमवून राह्यली होती? खरं सांग मले."

ती रडायला लागली. ती रडते आहे हे मला कळत होतं, पण उठून तिच्याजवळ जावं असं काही वाटलं नाही.

सुटलेल्या गोळ्या एकदम द्यायच्या नाहीत, हे तिला ठाऊक होतं. त्या तिने फेकून दिल्या आणि त्या संध्याकाळपासून पुन्हा एकेक सुरू केली. गोळी दिली की म्हणायची, "तोंड उघड. जीभ वर कर." मी करायची.

असेच आणखी तीन आठवडे गेले. एका संध्याकाळी शेजारीण बसली होती आणि तिच्यासमोरच बहीण म्हणाली, "जीभ वर कर."

"मी काय तान्हं लेकरू हाओ काय?" मी ओरडले. "लाज नाही वाटत तुले, लोकांसमोर?" कान तापले होते.

शेजारीण घाईने उठून गेली. बहीण माझ्याकडे बघतच राहिली.

"अजून बोल," ती म्हणाली. "बोल ना वं, भांड माझ्याशी."

मी भांडले. मग दोन भाकरी खाल्ल्या.

ती गोळी पुढे बरेच महिने चालली. डॉक्टरांनीच ती हळूहळू कमी करत बंद केली. मी मात्र त्याआधीच शाळेत रुजू झाले होते. निघताना बहीण एसटीपर्यंत आली. "पत्र टाक. बरी आहे म्हणून नको लिहू, काय खाल्लं ते लिही."

पहिल्या पत्रात मी लिहिलं, वांग्याची भाजी केली, फार तिखट झाली.