‘अतिसार’ हा माझा शब्द

शेवटच्या भेटीत नलूच म्हणाली, "विचार की, काय विचारायचंय ते." दवाखान्यातल्या खोलीत आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, "काही नाही गं, पंखा कमी करू का?" चौथ्या दिवशी तिच्या भावाचा फोन आला... त्याला आता पाच आठवडे झाले, आणि मी अजून स्वतःवर चिडलेलीच आहे.

नलू माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. तान्ह्या मुलांना उलट्या-जुलाब घडवणारा विषाणू हा तिच्या संशोधनाचा विषय. जेवताना त्याबद्दल बोलू नकोस, असं तिला आमच्या नारायण पेठेतल्या घरात किती वेळा बजावलं असेल, पण ही वरणभात कालवता कालवता सांगणार... आतड्याची स्वतःची राखण असते, एकदा दुखणं येऊन गेलं की आतडं ते लक्षात ठेवतं आणि पुढच्या खेपेला ते सौम्य येतं. हे कितपत खरं, ते तिला शोधायचं होतं. त्यासाठी कुठल्या बाळाला पहिलं दुखणं कधी झालं, हे दर आठवड्याला घरोघरी विचारावं लागे. तिचे विद्यार्थी एकेक करून नव्या कंपन्यांत नोकरीला निघून जात होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. ही घरं पुण्याजवळच्या धायरीतली; धायरी तेव्हा गावच होतं, आणि तिथे फिरायला उरल्या होत्या एकट्या मंदाताई, तिथल्याच राहणाऱ्या.

प्रश्नांचा कागद नलूने माझ्याकडे तपासायला आणला, कारण मी शाळेत मराठी शिकवायचे आणि मला त्याची घमेंड होती. तिने लिहिलं होतं, ‘बाळाला हगवण लागली होती का?’ मी लाल पेनाने खोडलं. "छापील कागदावर हगवण? शोभतं का तुला?" आणि वर लिहिलं, ‘बाळास अतिसार झाला होता काय?’ तिने विचारलं, "बायकांना कळेल ना गं?" मी म्हणाले, "न कळायला काय झालं, मराठीच आहे."

दोन महिने एकच उत्तर येत राहिलं, नाही. कागदावर आहे तसंच वाचायची मंदाताईंना सक्त ताकीद होती. नलूला चैन पडेना, म्हणून एका दुपारी ती स्वतः गेली. पहिल्याच घरात दहा महिन्यांची मुलगी, डोळे खोल गेलेले, मान टाकलेली. आई म्हणाली, "अतिसार-बितिसार काय न्हाय बाई. दात येत्यात, म्हणून हगवण हाय तेवढी." नलूने मुलीला रिक्षात घातलं आणि वाटभर चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजत दवाखाना गाठला. मुलगी वाचली. संध्याकाळी नलूचा फोन आला, आवाज शांत. "तुझा शब्द त्यांच्या घरात नाहीये गं." ही वाचली, पण बाकीच्या ‘नाही’चं काय... त्यांतलं एखादं बाळ...?

नलूने ते सगळे कागद रद्द केले, वरिष्ठांना चूक स्वतःची म्हणून सांगितली, आणि मंदाताईंना घेऊन पुन्हा एकूण एक घर पालथं घातलं. नवा प्रश्न मंदाताईंच्या तोंडून आला तसाच छापला. माझ्याकडे तपासायला आणला नाही. पुढे काम नावाजलं गेलं, धायरीत इमारती उभ्या राहिल्या, माझा मुलगा खराडीला नोकरीला लागला. नातीचं पोट जरा बिघडलं की माझा जीव टांगणीला लागतो. सून म्हणते, "आई, रिलॅक्स." तिला काय माहीत. नलू मात्र दर रविवारी यायची, माझ्या शुद्ध मराठीची थट्टा करायची. त्या घरांत काय दिसलं हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. भीती वाटायची, दुसरं काय.

गेल्या आठवड्यात मंदाताईंना फोन लावला. थकल्यात, पण आवाज लगेच ओळखला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारून टाकलं, "तेव्हा तुम्ही पुन्हा फिरलात, तेव्हा सगळी मुलं होती ना हो?"

"व्हती की. समदी व्हती," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही कवा इचारलं तर आसंच सांग, म्हनल्या व्हत्या डॉक्टरबाई."

म्हणजे मी विचारीन म्हणून नलूने इतकी वर्षं उत्तर तयार ठेवलं होतं. मंदाताई फोन धरून होत्या. मी विचारलं, "जे बाळ गेलं, त्याचं नाव काय होतं?"