थोरलीने केलेली तक्रार

थोरली जाऊ बावीस वर्षं घराच्या खालच्या खोलीत कपडे शिवत होती. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. काजं करण्यापासून सगळं थोरलीने शिकवलं. आणि आता तीच धाकटी वर बसून लहान मुलींचे फ्रॉक शिवायची, मोबाइलवर फोटो टाकायची आणि हातोहात विकायची. कुरिअरवाला थोरलीच्या दारावरून सरळ जिना चढायचा, तेव्हा थोरली खोलीचं दार लावून घ्यायची.

"आज पण सात पार्सलं," थोरलीचा नवरा कौतुकाने म्हणाला.

"मोजायला बरा वेळ मिळतो तुम्हाला!" तिने मशीन असं दामटलं की दोराच तुटला.

एके दिवशी एक शिक्षिका ऑनलाइन घेतलेला फ्रॉक वाढवायला घेऊन आली.

"आठ वर्षांच्या मुलीचा म्हणून मागवला, सहा वर्षांच्या मुलीला आखूड होतोय. परत कुठे करायचा ते लिहिलेलं नाही. पत्ता नाही, फोन नाही. आणि पैसे भरताना कुरिअरचा खर्च वरून लावला."

थोरलीने फ्रॉक उलटा केला. गळ्याची पट्टी आत दुमडून अशी शिवली होती, की बाहेरून टाका दिसत नव्हता. हा हात कोणाचा, हे तिला कोणी सांगायला नको होतं. 'आमच्याच घरातला आहे, बदलून देते,' एवढं म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. शब्द ओठांवर आलेही. पण ती म्हणाली, "तक्रार करा. असं सोडायचं नसतं."

नुसतं म्हणून थांबली नाही. मोबाइलवर ग्राहक तक्रारीच्या अर्जात काय लिहायचं, ते वाक्य न् वाक्य तिनेच सांगितलं. त्या दिवशी तिला दोन घास जास्त गेले.

आठवड्याने धाकटी हातात ग्राहक खात्याचा कागद घेऊन जिना उतरली. चेहरा पार उतरलेला.

"ताई, माझं दुकान बंद केलं हो. मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही वाचा."

थोरलीने वाचलं. विकणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन पानावर हवा. सगळे कर आणि खर्च धरून एकच किंमत हवी. माल परत घेण्याच्या अटी हव्यात, कापड कशाचं ते लेबलवर हवं. तक्रारी ऐकणाऱ्या एका माणसाचं नावही हवं. तोवर विक्री बंद.

"मला कुठे ठाऊक होतं, घरून विकायलाही इतकं लागतं?" धाकटीने डोळे पुसले. "आणि तक्रार तरी काय लिहिलीय बघा. 'गळ्याला टाका न दिसणारी चोरटीप सुरेख आहे, पण लांबीत चोरी केली आहे.' चोरटीप..." ती थांबली. "हा शब्द तर फक्त तुम्ही वापरता."

थोरलीने कागद खाली घेतला.

"मीच सांगितलं तिला लिहायला," ती म्हणाली. "बघवत नव्हतं मला तुझं."

"मग मला येऊन चार शिव्या घालायच्या होत्यात!"

"घालायला हव्या होत्या."

धाकटी कागद हिसकावून वर गेली. दोन दिवस तिने खाली पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी थोरलीच वर गेली. धाकटीने मान वर केली नाही.

"आलात? अजून काय काढायचं राहिलंय?"

"लेबलं," थोरली म्हणाली. "मापाची पट्टी दे. तुझी आठ वर्षांची मुलगी दीड इंचाने चुकतेय."

दोघींनी शिल्लक फ्रॉक पुन्हा मापले. अटी थोरलीने सांगितल्या, धाकटीने लिहिल्या. शिक्षिकेला नवा फ्रॉक गेला. तक्रारी ऐकणाऱ्याच्या रकान्यात धाकटीने न विचारता थोरलीचं नाव टाकलं.

"माझं कशाला?"

"माझी चूक तुमच्याइतकी चटकन कोणाला दिसते?" धाकटी म्हणाली. आवाजात गोडवा अजिबात नव्हता.

दहा-बारा दिवसांत दुकान सुरू झालं. पानावर पत्ता आणि फोन दिसू लागल्यावर मागणी दुप्पट झाली. तक्रारी मात्र थोरलीच्या फोनवर येत. ती प्रत्येक बाईचं नीट ऐकून घ्यायची, चूक असली तर माल बदलायला लावायची. पानावरचं आपलं नाव तिने तीन-चारदा तरी उघडून पाहिलं असेल. आणि दर वेळी त्याच पानावर, वर ठळक अक्षरांत धाकटीचं नाव दिसलं, की फोन पालथा ठेवून ती पुन्हा मशीन दामटायची.