दोन बोटांची ढील

टेलरकाकांनी दुकान मुलाच्या गळ्यात मारलं, पण स्वतःच्या गळ्यातली टेप काही उतरवली नाही. शहराच्या ऐन मध्यावर एक फार जुनं रान आहे. आजूबाजूची हौशी मंडळी दर रविवारी तिथे तण उपटतात, कचरा वेचतात. झाडांचे घेर मोजून वहीत लिहायचं काम मात्र काकांचं. "खड्डे कुणीही खणेल, मापाला हात बसलेला लागतो," असं म्हणून काका वाकायचं काम शिताफीनं टाळत. वहीत घेरापुढे शेरेही असत : 'पोट सुटलंय', 'खांदे उतरते'.

यंदा रस्ता रुंद व्हायचं ठरलं आणि रानाच्या कडेचा 'थोरला' वृक्ष नेमका आडवा आला. सहा मीटर किंवा त्याहून जास्त घेराच्या झाडाला हात लावायचा नाही, असा नियम. वहीत थोरला सहा मीटर चार सेंटिमीटर. काका निर्धास्त होते.

तपासायला साहेब आले. ताडमाड उंच. त्यांनी आपल्या छातीसमोर टेप धरली, झाडाला वेढा घातला, घट्ट ओढली. "पाच मीटर सत्त्याण्णव. तीन सेंटिमीटर कमी."

काका खोडापाशी धावले. "अंग चोरतोय हो तो! नवा माणूस माप घ्यायला आला की गिऱ्हाईक पोट आत घेतंच." मग खोडावर थोपटत, "सोड रे श्वास, साहेब आपलेच आहेत."

"अहो," काकूंनी कंबरेवर हात ठेवले, "टेपेखाली बोटं घातली होती ना?"

"दोनच! चाळीस वर्षं घालतोय. ढील नको? उद्या अंग भरलं तर?"

"झाडाला सदरा शिवणार होतात?"

मंडळी फिस्सकन हसली. साहेबांनी पेन उघडलं. थोरला आता गेलाच म्हणायचा! काका मात्र साहेबांना खालून वर न्याहाळत होते.

"साहेब, माप किती उंचीवर घ्यायचं?"

"छातीच्या. म्हणजे एक मीटर तीस."

"मग ही छाती एक पंचेचाळीसवर आहे. लावता पैज?"

काकांनी साहेबांच्या छातीपासून बुटापर्यंत टेप सोडलीसुद्धा. बरोब्बर एक पंचेचाळीस! साहेब ओशाळले. पुन्हा, थोडं खाली, नियमाच्या उंचीवर, मोजणी झाली. तोवर काकूंनी काकांचे दोन्ही हात पाठीमागे गच्च धरून ठेवले होते.

"सहा मीटर एक."

रानात एकच आरडाओरडा झाला. थोरला वाचला!

"पण या वहीतली बाकीची झाडं..." साहेब म्हणाले.

दोनशे अकरा झाडं. पुन्हा. मंडळींनी काकांकडे असं पाहिलं, की काकांनी घाईघाईनं विषयच बदलला.

"साहेब, शर्ट बगलेत काचतोय ना? शिवणाऱ्यानं ढील दिलेली नाही."

"छे हो," म्हणत साहेबांनी हात झटकला, आणि शर्ट बगलेपासून कमरेपर्यंत टर्रकन उसवला.