घारीचा शब्द

ऑफिसात तिला घार म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तिला चालतं. उलट कुणी ताईबिई म्हणालं की ती मागे वळून बघते, दुसरं कोण आलंय म्हणून.

वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये तिची खुर्ची. पूर्वी वीज एका मोठ्या केंद्रातून यायची, त्यामुळे इथलं काम म्हणजे चालू कर, बंद कर. आता सगळं पसरलंय. छपराछपरांवर सोलर, घराघरात भिंतीला टांगलेल्या बॅटऱ्या, दारात चार्जिंगला लावलेल्या गाड्या. हजार ठिकाणी थोडी थोडी वीज. एकाकडे जास्त, तर दुसऱ्याला टंचाई. हे सगळं जुळवणारं एक सॉफ्टवेअर आहे आणि ते घार चालवते. सॉफ्टवेअर सुचवतं, या गल्लीच्या बॅटऱ्यांतून थोडी घे, त्या गल्लीला दे. घार बघते, मग हो म्हणते नाहीतर नाही म्हणते. ऐकायला सोपं वाटतं. एक दिवस बसून बघा, डोळे खोबणीतून बाहेर येतील.

इथं ती आयती आली नाही. आधी मीटर वाचत दारोदार फिरली, पायाला कुत्रं चावून घेतलं. मग तक्रारींच्या फोनवर बसली. लोकांच्या घरचे दिवे गेले की लोक हिच्या सात पिढ्या काढायचे आणि ही म्हणायची, "झाल्या पिढ्या? आता पत्ता सांगा." मग परीक्षा देऊन वर आली. वशिला नव्हता. असता तरी वापरला नसता, इतकी ताठ.

तिची एक पद्धत होती, कपड्यांच्या चिमट्यांची. कधी कधी एखादी गल्ली सॉफ्टवेअरच्या ताब्यातून काढून आपल्या ताब्यात घ्यावी लागते. तारेवर माणसं काम करत असली आणि कुणाच्या घरची बॅटरी तारेत उलटी वीज सोडायला लागली तर माणूस जाईल. म्हणून त्या गल्लीच्या बॅटऱ्या आणि सोलर हातानं थांबवायचे आणि काम संपलं की हातानंच सोडायचे. सोडायचं विसरलं तर गल्ली तशीच गोठून बसते. स्क्रीनवर त्याची खूण असते, पण एवढीशी, आणि अशा खुणा शंभर. म्हणून घारीनं नियम केला. गल्ली हातात घेतली की स्क्रीनच्या कडेला तिच्या नावासमोर चिमटा लावायचा, सोडली की काढायचा. पाळी बदलताना नव्या पाळीवाल्यानं चिमटे मोठ्यानं वाचून दाखवायचे.

चिमटे तिच्याच घरचे. नवरा म्हणायचा, "माझे शर्ट शेजारच्यांच्या गच्चीवर वाळतात आणि चिमटे हिच्या कंप्युटरला."

आता तिच्या शब्दाचं. घरच्या बॅटऱ्या कंपनीला वापरू द्यायला लोक तयार नव्हते. कंपनीनं कागद वाटले, कागदांत भजी बांधली गेली असतील. तेव्हा घार सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या गल्लीत दारोदार गेली. सगळ्यात अवघड दार ड्रायव्हरकाकांचं. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, आता फुप्फुसं थकलेली, नाकाला नळी आणि खुर्चीशेजारी ऑक्सिजनचं मशीन. मशीनला वीज लागते.

"माझी बॅटरी, तू कोण घेणार?" काका म्हणाले.

"संध्याकाळी निम्मी घेणार. दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आत काठोकाठ भरून देणार."

"असं कंपनी म्हणते?"

"मी म्हणते."

काकांनी श्वास घेतला. त्यांना वाक्य पुरं करायला दोन श्वास लागायचे. "मग आण कागद. कंपनीला मी ओळखत नाही. तुला ओळखतो, माझ्या बसमध्ये तिकीट न काढता बसायचीस."

"एकदा!"

"एकदा सापडलीस."

काकांनी सही केली आणि त्यांच्यामागून सगळ्या गल्लीनं केली.

तर एके दिवशी सकाळची पाळी जावयाची होती. जावई म्हणजे हिचा जावई नव्हे, सोबतचा ऑपरेटर. चहा हातात आणून दिल्याशिवाय पीत नाही, म्हणून जावई. घारीच्या गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर माणसं चढली होती, म्हणून त्यानं गल्ली हातात घेतली आणि चिमटा लावला. शिस्तीत केलं सगळं. घार दुपारी आली, तेव्हा हा पायात बूट घालत होता.

"तुमच्या गल्लीचं काम आत्ताच संपलं," तो म्हणाला. "चिमटा बघून सोडून द्या."

"हो रे, जा तू. बायको वाट बघत असेल."

"ती कशाला बघेल? टीव्ही बघत असेल," म्हणत तो गेला.

घारीनं स्क्रीनच्या कडेला बघितलं. चिमटा नव्हता. म्हणजे जाता जाता यानंच सोडली असणार गल्ली, असं समजून ती कामाला लागली.

थोड्या वेळानं वादळाचा इशारा आला. असा इशारा आला की सॉफ्टवेअर गावातल्या सगळ्या बॅटऱ्या आधीच भरायला घेतं. स्क्रीनवर एकेक गल्ली हिरवी होत चालली. घार बघत होती आणि खूष होती. हे बघायला तिला आवडतं, कुणाला अंगणात झाडं वाढताना बघायला आवडतं तसं. आणि मग तिची नजर स्वतःच्या गल्लीवर गेली. पिवळी. कालच्या संध्याकाळी होती तशी निम्मी. थेंब भरला नव्हता.

तिनं लगेच जावयाला फोन लावला.

"चिमटा लावला होतास?"

"आईशप्पथ लावला होता. लाल."

घारीनं मान वळवली. लाल चिमटा टेबलावर होता, बिस्किटाच्या पुड्याला. आल्या आल्या बोलता बोलता तिनंच पुडा फोडला होता, दोन खाल्ली होती आणि उरलेली सादळू नयेत म्हणून स्क्रीनवरचा हाताला आला तो चिमटा काढून लावला होता. चिमटे वाचायच्या आधीच. नियम हिचा, चिमटा हिचा, हातही हिचाच. आपलेच दात, आपलेच ओठ.

"हॅलो? काय झालं?" जावई विचारत होता.

"माझी माती झाली. ठेव फोन."

रडत बसणारी ती नव्हे. गल्ली सोडली. पण ऊन गेलं होतं, पश्चिमेकडे आभाळ शाईसारखं झालं होतं. म्हणजे सोलरवर भरोसा नाही, बॅटऱ्या तारेवरून भरायच्या. आणि ट्रान्सफॉर्मर तर गच्च. वादळाच्या भीतीनं सगळ्यांनी गाड्या चार्जिंगला लावल्या होत्या. घारीनं त्या ट्रान्सफॉर्मरवरच्या गाड्या थांबवल्या. सगळ्या, एका झटक्यात. सॉफ्टवेअरनं कारण विचारलं, तिनं लिहिलं, ऑपरेटरची चूक.

लगेच साहेबांचा फोन. साहेब त्याच गल्लीच्या मागं राहतात.

"माझी गाडी का थांबली?"

"साहेब, तुमची एकट्याची नाही, सगळ्यांची थांबलीय."

"मला उद्या सकाळी बाहेरगावी जायचंय."

"बस आहे सहाची."

साहेब काहीतरी बोलले. तिनं ऐकलं नाही, ती काकांची बॅटरी बघत होती. भरत होती, पण मुंगीच्या पावलानं. निम्म्याच्या थोडी वर गेली आणि तेवढ्यात वारा आला. कंट्रोल रूमच्या खिडक्या थडथडल्या. ठिकठिकाणी झाडं पडली, तारा तुटल्या आणि गल्लीसकट गावाची वीज गेली. आता जी होती ती बॅटरी. घरंही त्यावर, काकांचं मशीनही त्यावर.

तिनं काकूंना फोन केला. "काकू, मशीन सोडून सगळं बंद करा. फ्रिज, पंखा, टीव्ही."

"टीव्ही बंद केला तर हे ओरडतील गं."

"ओरडले तर चांगलंच आहे. श्वास चालू आहे असं समजा."

तारेवरच्या टोळीला तिनं फोन केला, भांडली नाही, फक्त सांगितलं की या गल्लीत नळी लावलेला माणूस आहे. टोळीच्या म्होरक्यानं विचारलं, "किती वेळ आहे?" ती म्हणाली, "तुम्ही निघालात तर पुरेल." टोळी निघाली. बाकी गाव बॅटऱ्यांवर मजेत होतं, त्या वेळेवर भरल्या होत्या ना. त्या गावाचं सगळं काम एका हातानं करत, हो, नाही, हो, नाही, तिचा दुसरा हात काकांच्या आकड्यापाशी थांबलेला. आकडा उतरत होता. तळ दिसायला लागला तेव्हा तिला घाम फुटला होता आणि वर एसी चालू होता.

रस्त्यावरचे दिवे लागायच्या वेळेला टोळीनं गल्लीची तार जोडली. काकांच्या बॅटरीत तळाला ओल राहिली होती, बस. काकूंचा फोन आला, "टीव्ही लावू का आता?" घारीचा जीव भांड्यात पडला. "लावा," म्हणाली, आणि टेबलावर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी जावयानं हळूच सांगितलं, "कुणाला काही कळलेलं नाही. वादळ होतं, लाइट गेली, आली. लोक तर तुमचं कौतुक करतायत. सांगायचं कशाला?"

"मला कळलंय ना."

"सांगितलंत तर सगळी गल्ली बॅटऱ्या काढून घेईल. साहेब तुमची खुर्ची काढतील."

"काढू देत. उभी राहीन."

हे असं आहे. लोक म्हणतात, हट्टी बाई. असेल हट्टी. पण झाकून ठेवता येत असताना उघडं करायला छाती लागते, आणि ती भल्याभल्यांना नसते.

ती काकांकडे गेली तेव्हा काका खुर्चीत बसले होते. तिनं बसायच्या आधीच सांगून टाकलं. गल्ली थांबवलेली, चिमटा, बिस्किटं, सगळं.

मशीनचा आवाज येत होता. काकू दारात पदर धरून उभ्या.

"बिस्किटं?" काका म्हणाले.

"हो."

"मी मरायचं ते बिस्किटांपायी?" आणि ते हसायला लागले. हसताना खोकला, खोकल्यात हसू, काकू पाठ चोळायला धावल्या. दम परत आल्यावर काका गंभीर झाले. "हे बघ. एकदा मी चढावर गाडी उभी केली आणि ब्रेक लावायचा विसरलो होतो. गाडीत माणसं होती. कुणाला लागलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी चाकाला दगड लावायला लागलो, ब्रेक लावला तरी." श्वास घेतला. "निम्मी नाही. आता पाव घे. पाऊण माझी."

"पाव," ती म्हणाली.

"रागावू नको."

"रागावू कशाला? तुमची आहे."

तिथून ती पुढच्या दारी गेली. मग त्याच्या पुढच्या. सगळीकडे तेच सांगितलं. एका बाईनं दार आपटलं आणि बॅटरी काढूनच घेतली. बाकीच्यांनी काकांचं बघून पाव केलं. गल्लीतून मिळणारी वीज अर्ध्यावर आली.

साहेबांनी बोलावलं. टेबलावर तिनंच लिहिलेलं कारण होतं, ऑपरेटरची चूक.

"लेखी दिलंस ते ठीक. पण घरोघरी जाऊन सांगायला तुला कुणी सांगितलं होतं? संध्याकाळी ती वीज आणू कुठून मी?"

"दुसऱ्या गल्ल्यांतून. मी जाते विचारायला."

"आणि त्यांना काय सांगणार?"

"हेच," ती म्हणाली. "काय घेणार, कधी परत देणार, आणि गेल्या वेळी कुठं चुकले ते."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "असं सांगितल्यावर सही कोण करतं?"

घारीनं पर्स खांद्याला अडकवली. "बघू या," म्हणाली, आणि सुट्टीच्या दिवशी मागच्या गल्लीतलं पहिलं दार वाजवलं. ते साहेबांचं होतं. साहेबांच्या आईनं दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं, चष्मा शोधला आणि कागद मागितला.